आईची चमकी डावीकडेच होती

नाना, तुमचा तांब्याचा पत्रा काल छापला. आधी तेच सांगून टाकते, नाहीतर मी मेली कुठल्या कुठे जाईन, माहीत आहे ना तुम्हाला माझं.

माझी नात चित्रकलेच्या कॉलेजात आहे. केस पोरासारखे कापलेत, पण बोटं थेट तुमची. परवा मी पोळ्या लाटत होते आणि ती फ्रान्समधल्या कुण्या जुन्या कोरणाऱ्याचं सांगत होती. राजाचे, सरदारांचे चेहरे तो तांब्याच्या पत्र्यावर कोरायचा. आधी समोर बसवून काढायचा आणि माणूस अवघडू नये म्हणून गप्पा मारायचा, कविता म्हणून दाखवायचा. मी म्हटलं, अगं, हे तर आमचे नाना! आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही उंबऱ्यात बसून तिला कागदावर काढताय. "बोल की, गप्प का झालीस?" "भांडीबाजारात दिवसभर लोकांच्या घागरींवर नावं कोरता, तिथं कोणी नाही का बोलायला?" "घागरीला तुझ्यासारखं नाक नसतं." आई लाजून भाकरी करपवते.

मग तुम्ही तोच चेहरा पत्र्यावर कोरलात आणि आत्याबाईंनी घात केला. "दादा, ही कोण रे? आमच्या वहिनीची चमकी तर डावीकडे, हिची उजवीकडे!" सगळे हसले, आई नाही हसली. तुम्ही एवढंच म्हणालात, "शाई लागू दे, मग बोला." शाई लागायच्या आतच तुम्ही गेलात. आईनं पत्रा पिठाच्या डब्याखाली पालथा घातला. टाकला मात्र नाही. तिच्यामागं तो माझ्याकडे आला, आणि त्याच्यासोबत ते कुसळही: कोण होती ती बाई?

तर नात म्हणते, "आजी, तो सगळं उलटं कोरायचा. पत्र्यावर उलटं, तेव्हा कागदावर सुलटं." माझं लाटणं जागीच थांबलं. लग्नाआधी तुम्ही छापखान्यात ठसे कोरत होतात, ते मी ऐकून होते हो, पण डोक्यात कुठं आलं? आम्ही पाहिली ती तुमची घागरींवरची नावं, सरळ वाचायची. काल तिच्या स्कूटरवर बसून कॉलेजात गेले, पत्रा पोटाशी धरून. तिनं शाई चोळली, फडक्यानं पुसली, ओला कागद ठेवून रूळ फिरवला. कागद उचलला आणि आई! चमकी डावीकडे, आणि ओठ असे, की आता बोलेल, भाकरी करपली तुमच्यापायी.

इतकं हलकं वाटलं, नाना, की येताना दोघींनी भेळ खाल्ली. आई आता तिकडे तुमच्यापाशीच आहे. तुम्ही सांगितलं असेलच, तरी पुन्हा एकदा सांगा. आणि आत्याबाईंना तर बोलावून सांगा.

हे पत्र कुठं टाकायचं, मला काय माहीत. पत्रा आता देवळीत उभा केलाय, त्याच्यामागं ठेवते. आणि एक, कुणाला बोलू नका. छाप ओला असताना मी त्याला गाल लावला. नात ओरडलीच. आज सकाळी तोंड धुतलं, तेवढा गाल सोडून.