रोल वाढेल तसा जोर

३ फेब्रु., मंगळ
आठ वर्षं घरी काढून पुन्हा कामावर, त्याला आज दोन महिने. विश्रामबागेतलं दुकान, मोटारचा वेग आणि जोर ठरवणारे ड्राइव्ह बसवायचे आणि दुरुस्त करायचे. दुकानाचे कुलकर्णी सर म्हणाले, "साताऱ्याचं काम तुम्ही एकट्या बघा." एकट्या! द्राक्षबागेवर घालायच्या प्लास्टिक फिल्मचा कारखाना. रोल गुंडाळणाऱ्या मोटारला आपला ड्राइव्ह लावलाय, पण रोल निम्मा भरला की फिल्म फाटते. शनिवारपर्यंत जमलं नाही तर ड्राइव्ह परत.

४ फेब्रु.
सकाळची एस.टी. कारण दहा मिनिटांत सापडलं, मान ताठ! ड्राइव्ह साध्या व्ही-बाय-एफवर. ठरलेला वेग द्यायचा, बस. रोल जाड झाला की तेवढ्याच फेऱ्यांत जास्त फिल्म ओढतो, मग फाटणारच. वेग नको, जोर धरायला हवा. त्यासाठी व्हेक्टर कंट्रोल, टॉर्क मोड. त्याआधी मोटार मोकळी फिरवून ड्राइव्हला तिची ओळख करून द्यायची. ऑपरेटर सुबरावमामा, साठीचे, म्हसवडचे. मोटार आणि रोल जोडणारा पट्टा काढायलाच तयार नाहीत. "आवं ताई, पट्टा काढून काय व्हनार हाय?" शेवटी काढला. मोटार आधी नुसती गुणगुणली, मग फिरली, थांबली.
मामा : "आयला, नाडी बघितली व्हय तिची!"
दुपारी अख्खा रोल. फाटला नाही!! पण वरचे थर ढिले. अंगठा आत जातो. छे.

५ फेब्रु.
उत्तर मामांनी दिलं. "आमच्यात लोकरीचं सूत रहाटावर गुंडाळायचे. गुंडाळी मोटी झाली की दांडा जड जातो, जोर वाढवाय लागतो. तुमची मोटार पयल्यापास्नं एकच जोर लावती, न्हाई का?"
व्हय, मामा, व्हय! ताण गुणिले त्रिज्या. डिप्लोमाला मार्कांसाठी पाठ केलेलं. फिल्मचा वेग आणि रोलच्या फेऱ्या यांवरून ड्राइव्ह रोलची जाडी काढतो आणि तसा जोर वाढवतो. ते चालू केलं. पहिल्या थरापासून शेवटच्यापर्यंत रोल घट्ट. मी ओरडलेच. सगळं खातं वळून बघायला लागलं.
मग चार वाजता रोल पूर्ण भरला, मामांनी फिल्म कापली आणि ओढायला काही न उरल्यानं मोटार सुसाट. कसला आवाज! मामांनी लाल बटण दाबलं.  चूक माझी. टॉर्क मोडमध्ये वेगाला मर्यादा घालायची राहिली. घातली. मग मुद्दाम सहा वेळा फिल्म कापून पाहिली. दरवेळी मोटार थोडी चढते आणि तिथंच थांबते. कारखान्याच्या मालकांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "शनिवारी पातळ फिल्म लावू. खरी मागणी तिलाच आहे."

६ फेब्रु.
दुकान. सरांना सगळं सांगितलं, कालचंही. रागावले नाहीत. "उद्या मी येऊ?"
"नको," म्हणाले मी. एवढा धीर कुठून आला कोण जाणे.
पातळ फिल्मला ताण इतका कमी लागतो की बेअरिंगचं घर्षणही हिशेबात धरावं लागेल. आकडा अंदाजानं काढलाय. तीनदा.

७ फेब्रु., शनि, सातारा
फिल्म लावली. कांद्याचा पापुद्रा. पलीकडे मालकांचा चेहरा स्वच्छ दिसतो. आकडा भरला. चुकला असेल तर फिल्म फाटेल. आणि तरी हसू येतंय.
मामांचं बोट चालू करायच्या बटणावर. "ताई, सोडू का?"
म्हटलं, "सोडा."