बोस्टनचं पाकीट आणि माझा बंदोबस्त

४ जानेवारी, रविवार
आजचा दिवस सोन्याचा. तिकीट-संग्राहकांच्या रविवारच्या बैठकीत वेंकोबा रावांनी मला बोस्टनहून मद्रासला आलेलं पाकीट दिलं. सन १८६३! पुढे चोवीस सेंटचा फिकट जांभळा वॉशिंग्टन, लंडनचा लाल शिक्का, मागे मद्रासचा. बदल्यात मी काय दिलं? माझ्याकडे डबल झालेली हंगेरीची तिकिटं, फुलपाखरं आणि मासे. म्हातारा खूश.

या बैठकीत जो तो ब्रिटिश राणीची तिकिटं जमवतो. मी पहिल्यापासून अमेरिका, तीही फक्त एकोणिसावं शतक. सहा वर्षांत अकरा तिकिटं झाली. क्वालिटी महत्त्वाची.

आपण काय देतोय हे वेंकोबांना कळलंच नाही. मी चेहरा निर्विकार ठेवला. विद्युलतेचं (सौ.) म्हणणं, जिन्यापासून माझी शिट्टी ऐकू येत होती. तिचे कान नको तिथे तिखट.

निश्चय: ३१ तारखेच्या प्रदर्शनात पाकीट मांडायचं. मेडल आपलंच.

५ जानेवारी
असली वस्तू कोणी माशांच्या बदल्यात देतं का? देणारा एक तर खुळा, नाही तर लबाड. वेंकोबांनी कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवलं. म्हणजे खुळे नाहीत.

७ जानेवारी, सकाळी १०.४०
वेंकोबांचा फोन. रविवारी पाकीट घेऊन येता का, एकदा बघायचंय म्हणाले. का? दिलेल्या मुलीला बघायला माहेरची माणसं येतात, पाकिटाला कोणी येत नाही. बघू म्हटलं.

८ जानेवारी
पुन्हा फोन. उचलला नाही.

११ जानेवारी, रविवार
बैठकीला गेलो नाही. सर्दी झाल्याचं कळवलं. तर साडेअकराला स्वतः वेंकोबा दारात! टी. नगरहून आमच्या वेलचेरीपर्यंत, अर्धं मद्रास ओलांडून, वय अठ्ठ्याहत्तर, शेअर ऑटोतून, हातात मिरीच्या रसमचा डबा. सर्दीवर उत्तम म्हणे. मी रसमला हात लावला नाही. नंतर लावला. चांगलं होतं. तो मुद्दा वेगळा.

पाकीट दाखवावंच लागलं, कारण विद्युलतेनेच कपाटातून काढून पुढ्यात ठेवलं. जागा सांगितली ही माझी चूक. म्हाताऱ्याने खिशातून पट्टी काढली आणि पाकीट मापलं! लांबी, रुंदी. घड्या खिडकीशी धरून पाहिल्या. वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, आत कांहीं होतें कां? मी म्हटलं, तुम्हीच दिलंत, तुम्हाला माहीत. त्यावर नुसते हसले.

यांचं घराणं तंजावरचं, तीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आलेलं. मराठीच बोलतात, पण मधूनच "कसाला" आणि "अस्का" असलं काहीतरी. कसाला म्हणजे कशाला आणि अस्का म्हणजे सगळं, हे मला दोन वर्षांनी कळलं. बाकीचं काय काय बोलून गेले असतील देव जाणे.

विद्युलता म्हणते, किती साधा माणूस! चार टंबलर कॉफी पाजली. हिचाही कल तिकडेच दिसतो.

निष्कर्ष: माप घेतलं म्हणजे नकली पाकीट बनवणार. मग संधी साधून अदलाबदल. अस्सल त्यांच्याकडे, मेडल त्यांना.

१२ जानेवारी
बंदोबस्त केला. कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी. स्टोअरचा पहिला नियम: ज्या मालावर नंबर नाही तो माल आपला नाही. नंबरिंग मशीन काढलं. (ते निवृत्त होताना माझ्या बॅगेतून घरी आलं. भंगारातच जाणार होतं.) घरातल्या मालाचे नंबर २११ पर्यंत झालेत. २११ म्हणजे बाथरूममधला मग. पाकिटाला ००२१२.

मारला ठाप्पकन, खाली डाव्या कोपऱ्यात. जांभळी शाई, वॉशिंग्टनला मॅचिंग. जरासा लाल शिक्क्यावर गेला, पण वाचता येतो. शेजारी बॉलपेनने सही. आता करा म्हणावं नकली.

विद्युलतेने विचारलं, असल्या जुन्या वस्तूवर असं चालतं का? म्हटलं, त्या पाकिटावर आधीच सात शिक्के आहेत, आठवा कोणाला दिसतोय? ती कुकर लावायला निघून गेली. पटलं असावं.

१५ जानेवारी
वेंकोबांचा पोंगलच्या शुभेच्छांचा मेसेज. शेवटी "सौ. वहिनींस नमस्कार". वहिनींस वेगळा कशासाठी?

२४ जानेवारी, शनिवार
पाळत ठेवली. वेंकोबा दहा वाजता घरातून निघाले, मी मागे. रंगनाथन स्ट्रीटवर मुंगी शिरायला जागा नाही, तरी सोडलं नाही. ते एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात शिरले आणि पिशवीतून जुना कागद काढला. जुना, पिवळा कागद! पुरावा मिळाला.

एवढ्यात त्यांनी वळून पाहिलं. मी चटकन शेजारच्या साड्यांच्या दुकानात. तिथल्या माणसाने बसवलं, पाणी दिलं आणि एकवीस साड्या उलगडल्या. उठणार कसं? बाहेर आलो तेव्हा वेंकोबा नव्हते आणि माझ्या हातात मोरपंखी सिल्क-कॉटन होती.

विद्युलतेला दिली. आधी हरखली. मग माझ्याकडे बघून विचारलं, काय लपवताय? या घरात कोणाचा कोणावर विश्वास म्हणून नाही.

२५ जानेवारी, रविवार
बैठकीत वेंकोबांनी हळूच विचारलं, प्रदर्शनात तुमच्या पाकिटाशेजारी माझं एक लहानसं काही ठेवता येईल का? स्पष्ट सांगितलं, माझ्या फ्रेममध्ये माझंच. परवायिल्ले, म्हणाले. म्हणजे हरकत नाही. असं म्हणणारी माणसंच डेंजरस.

३१ जानेवारी, शनिवार, दुपारी ३
प्रदर्शन. आत्ताच घरी आलो. जे झालं ते क्रमाने लिहितो.

परीक्षक त्रिपुरसुंदरी मॅडम, पोस्टखात्यातून निवृत्त. माझ्या फ्रेमपुढे दहा मिनिटं भिंग लावून उभ्या. मी बायोडेटा तयार ठेवला होता. त्या म्हणाल्या, पाकीट शंभर टक्के अस्सल, असं त्यांनी मद्रासमध्ये दुसरं पाहिलेलं नाही. मी नम्रपणे मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, हा नंबर कोणी मारला? आणि ही सही? लंडनच्या शिक्क्याची वाट लावलीय. हे आता मेडलला बसत नाही. बसणारही नाही.

सगळे जमले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, हे आधीच्या मालकाचं काम असणार.

आधीचे मालक माझ्या डाव्या हाताला उभे होते.

सहीचं अक्षर माझं. नंबर माझा. आणि अकरा तारखेला पट्टी लावून पाहिलेलं बिननंबरचं पाकीट वेंकोबांच्या चांगलं लक्षात असणार. त्यांनी नंबर वाचला. सही वाचली. माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमना तमिळमध्ये म्हणाले, "हो, मीच मारला. वय झालं माझं."

मॅडमनी त्यांना सगळ्यांसमोर झाडलं. शाळेतली पोरंही असं करत नाहीत म्हणाल्या. म्हातारा मान हलवत राहिला. मी फ्रेमची काच पुसत होतो. काच स्वच्छ होती.

मॅडम गेल्यावर त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली. आत पिवळा कागद आणि त्याची टाइप केलेली प्रत. त्यांचे खापरपणजोबा इथे, त्या काळी बोस्टनहून जहाजाने येणाऱ्या बर्फाच्या गोदामात कारकून होते. हे त्यांना आलेलं पत्र. पाकीट मला दिल्यानंतर जुन्या पेटीत सापडलं. त्याच पाकिटातलं की काय, ते घड्या जुळवून बघायचं होतं.

"माप बरोबर बसतें," म्हणाले. "दोन्ही तुमच्यापाशींच असूं दे, विद्याधरराव. माझ्या घरीं हें अस्का सांभाळणार कोण?"

पत्र घेतलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? मी खोटं बोललो, हे त्यांना सांगायला हवं होतं. गर्दी फार होती. तशी फार नव्हती.

१ फेब्रुवारी, रविवार
बैठकीला गेलो नाही. सर्दी नाही.

विद्युलतेला सगळं सांगितलं. तिने मोरपंखी साडी घडी घालून कपाटात ठेवली आणि स्वयंपाकाला लागली.

वेंकोबांनी "मीच" असं का म्हणावं? यात त्यांचा फायदा काय? मेडल त्यांना मिळालं नाही. पाकीट गेलं, पत्रही गेलं, वर चारचौघांत बोलणी खाल्ली. म्हणजे आत कुठेतरी काहीतरी असणारच. सकाळी नऊपासून बसलो. कागदावर दोन रकाने पाडले, एकावर "त्यांचा फायदा", दुसऱ्यावर "माझा फायदा".

आता चार वाजले. पहिला रकाना कोरा आहे.