विहीणबाईंना विचारायचं वाक्य

४ जानेवारी. अकोला
मळ्यातली शेवंतीची फुलं सकाळीच बाजारात गेली. संध्याकाळी रूपाचा फ्रान्सहून फोन. सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई नाही आणि आता एवढा प्रवास तिला झेपायचा नाही. म्हणजे मीच जायचं. राहते सासूच्या घरात. म्हणाली, "बाबा, घर त्यायचं हाये. तुमीच विचारा ना." विहीणबाईंना ना मराठी, ना इंग्रजी. झालं कल्याण!
घरात थोरली बहीण अक्का, तिचं भलतंच. "बाळंतपणाले बाप जाते का कुठी?"

११ जाने. अमरावती
फ्रेंचचा क्लास लावला. मॅडम रूपाच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, 'मले येवाचं हाये' असं थेट नका म्हणू. तिकडं उद्धट वाटते." म्हणायचं, झ व्हूद्रे व्हनीर. मला यायला आवडेल. व्हूद्रेच्या शेवटी लिहायची तीन अक्षरं, तोंडात नुसता 'ए'. 'र' घशातून, गुळणी केल्यासारखा. या क्रियापदाचं धड भविष्यकाळाचं, शेपूट भूतकाळाची. म्हटलं, माझ्यासारखंच की. मॅडम हसल्या नाहीत.

१८ जाने.
परतीच्या बसमध्ये घोकत होतो. व्हू-द्रे, व्हू-द्रे. कंडक्टर धावत आला. "काका, उलटी होऊन राह्यली का? खिडकीपाशी बसा." बसलो मुकाट.
आज 'तुम्ही'चं रूप. व्हू-द्री-ए, तीन तुकडे. मधली 'इ' गिळायची नाही. मला काय करायचंय ते, विचारणार तर मीच.

२६ जाने.
विचारलं एकदाचं.
वि.बाई फोनच्या पडद्यावर ताठ बसलेल्या. वाक्य निघालं, 'र' मात्र अस्सल वऱ्हाडी. त्या भराभर काहीतरी बोलल्या आणि रूपा रडायलाच लागली. संपलं, नाही म्हणाल्या...
"नाई बाबा! त्या म्हणतात, या म्हणून. एकटीनं कसं निभवाव, याचं त्यायलेच भेव वाटून राह्यलं होतं. पण तुमाले कसं विचाराव?"
हुश्श! दोन्हीकडे तेच भेव. रात्री पोटभर जेवलो, किती दिवसांनी. अक्काने लाडवांचा डिंक निवडायला घेतला.

१५ फेब्रु.
व्हिसाचा पत्ता नाही. बाळंतपणाची तारीख जवळ येतेय. वि.बाईंचा आवाजी निरोप आला. माझ्यासाठी मुद्दाम सावकाश, तुकडे पाडून. व्हू-द्री-ए व्हू... तेवढं कळलं! पुढचं रूपाने सांगितलं. बाळाला आंघोळ तुम्ही घालाल का?
पोरीने सगळं सांगितलेलं दिसतं. ती झाली तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळलेली. पायांवर घेऊन तिला मीच न्हाऊ घालायचो. माझ्या आईने शिकवलं होतं. रूपाच्या आईची फार आठवण आली.
अक्का देवळात गेल्यावर दार लावलं. पाटावर बसलो, दोन्ही पाय लांब केले. गुडघे कुरकुरले, पण पाय अजून सरळ होतात.