खाऱ्या वाऱ्याची वेळ

सर, यंदाच्या मेमध्ये इथे सलग पाच दिवस खारा वारा उशिरा येतो आहे. एरवी अकराच्या सुमारास वॉर्डच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांचे पडदे आत फुगायला लागतात. या आठवड्यात ते दोन वाजेपर्यंत बाहेरच्या गजांना चिकटून असतात, आणि पूर्वेकडून, घाटाच्या बाजूने, कोरडा गरम झोत येत राहतो. नव्या लागलेल्या मुली विचारतात, सिस्टर, आज एवढं का तापलंय. मी त्यांना समजावून सांगते, आणि सांगताना दर वेळी लक्षात येतं की मी तुमचंच वाक्य वापरते आहे. वर्गातलं नव्हे, नंतरचं. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. एवढ्या काळानंतर लिहिण्यासारखं तातडीचं काही नाही. आज ड्यूटी दुपारीच संपली आणि उकाड्यात झोप लागली नाही, म्हणून कागद घेतला.

मी पुसेगावच्या शाळेत सातवीत होते. तेव्हा आपला जिल्हा परभणी होता, हिंगोली पुढे वेगळा झाला. एप्रिलमधली सकाळची शाळा, दहा वाजताच पत्रे तडतडायला लागलेले. तुम्ही निळ्या खडूने फळ्याच्या डाव्या बाजूला समुद्र काढलात. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी उशिरा तापतं. जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते, ते खारे वारे. रात्री उलटं होतं, ते मतलई वारे. तुम्ही बाण काढत होतात आणि मी उभी राहिले. विचारलं, "सर, हे वारं आपल्याकडं काहून येत न्हाई?" तुम्ही मागे वळलाही नाहीत. म्हणालात, "समुद्राला तुझ्या घरचा पत्ता ठाऊक न्हाई. खाली बस, पुस्तकात हाय तेवढं लिही." वर्ग हसला. आमचं घर नाल्याच्या पलीकडे, बौद्ध वस्तीच्या अगदी शेवटाला, त्यामुळे काही जणांना जरा जास्तच हसू आलं. तुमच्या मनात तसं काही नसावं. मी तेव्हाही तसंच धरलं, पण खाली बसल्यावर त्या तासाला मी काहीच लिहिलं नाही.

प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. त्याच्या चार दिवस आधी माय हळद शिजवायच्या कामावर होती. उघड्या रानात चुलवणावर मोठी कढई, खाली जाळ, वर ऊन, आणि बायका पाट्यांनी हळद आत टाकतायत, शिजली की बाहेर काढून पसरतायत. दुपारी ती कढईपाशी कोसळली. आत पडली नाही, बाजूला पडली, एवढंच बरं झालं. अंग भाजल्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. बापाने तिला बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून जीपने हिंगोलीला नेलं. दोन दिवस सलाईन लावून घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं, हिला गार जागी ठेवा. आमचं घर एका खोलीचं, वर पत्रा. गार जागा कुठे असते ते मी शोधत होते, आणि त्याच आठवड्यात तुम्ही फळ्यावर समुद्राची गार हवा काढलीत.

वर्गातल्या कुणीतरी तुम्हाला मायबद्दल सांगितलं असणार. दोन दिवसांनी भर दुपारी तुम्ही सायकलवरून आमच्या दारात उतरलात, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला. माय उठायला लागली तेव्हा म्हणालात, "पडून ऱ्हावा बाई, मी जरा बसतो." तुम्ही बाजेच्या कडेला बसलात. मी पाणी दिलं. तांब्याभर पाणी तुम्ही एका दमात प्यालात आणि आणखी मागितलंत. शिक्षक आमच्या वस्तीत यायचे ते खानेसुमारीला, दाराबाहेर उभे राहून नावं लिहून जायचे. पाणी कुणी घेत नसे. बापाने ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगितली. वर्गातल्या बोलण्याचा विषय तुम्ही काढला नाहीत. चुलीतला कोळसा घेऊन सारवलेल्या भुईवर एक रेघ ओढलीत, हा समुद्र. मग एक वाकडी रेघ, हा घाट. मग लांब, पार उंबऱ्यापाशी, एक ठिपका, हे आपण. "वारं निघतं बराबर," तुम्ही म्हणालात, "पण दिवसभरात जेवढं चालवंल तेवढंच चालतं. मधी घाट हाय. सांज झाली की जमीन निवते, मंग त्याला वढणारं कोणी ऱ्हात न्हाई." मी विचारलं, तुम्ही समुद्र पाहिलाय का. तुम्ही कोळसा चुलीत टाकलात, हात झटकलेत. "न्हाई. वर्गात सांगू नको." मी सांगितलं नाही. जाताना तुम्ही बापाला दारावर ओलं गोणपाट टांगायला सांगितलंत, सुकलं की परत भिजवायचं. त्या उन्हाळ्यात माझं तेवढंच काम होतं. माय वाचली, पण त्यानंतर उन्हातलं काम तिला कधी सोसलं नाही.

मी नर्सिंगला गेले, पास झाले, आणि नेमणूक आली ती रत्नागिरी जिल्ह्यात, किनाऱ्यावरच्या एका गावात. घरच्यांना वाटलं, पोरगी देशाबाहेर चालली. पहिल्या उन्हाळ्यात मी क्वार्टरच्या मागे धुणं वाळत घालत होते. सकाळपासून साडी समुद्राकडे उडत होती. मग ती सरळ खाली लोंबत राहिली, आणि पाच-दहा मिनिटांनी उलटी, माझ्या तोंडावर आली. मी बादली तशीच ठेवून उभी राहिले. आपल्याकडे पारा त्रेचाळीसवर असतो तेव्हा इथे तेहतीस-चौतीस असतो, आणि तो वर चढत नाही याचं कारण ही एवढीच गोष्ट, अकरा वाजता साडीची दिशा बदलणं. त्याच दिवशी मी तुम्हाला कार्ड टाकलं, सर, वारं येतं, वेळेवर येतं. तुम्ही निवृत्त होऊन सेनगावला राहायला गेला होतात. उत्तर आलं ते दोन वर्षांनी, तेही एका ओळीचं. मेमध्ये येतो म्हणून.

तुम्ही एसटीने, तीन गाड्या बदलून आलात. पिशवीत हळद, भुईमुगाच्या शेंगा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक थर्मामीटर, लाकडी पट्टीवर बसवलेला. सकाळी आठला उतरलात आणि चहा घेताघेता समुद्र कुठल्या बाजूला म्हणून विचारलंत. मी म्हटलं, आज झोपा, उद्या जाऊ. तुम्ही ऐकलं नाहीत. माझी सुट्टी होती. नऊच्या आधी आपण सुरूच्या झाडांखाली जाऊन बसलो. पहिल्यांदा समुद्र पाहिल्यावर माणसं काहीतरी बोलतात. तुम्ही फक्त चपला काढून हातात घेतल्यात. मग फांदीला सुतळीने थर्मामीटर बांधलात, वही काढलीत आणि दर अर्ध्या तासाला आकडा लिहायला सुरुवात केलीत. वहीच्या वरच्या ओळीत, पहिला आकडा लिहायच्या आधीच, तुम्ही लिहिलं होतं, वारे सुरू, अंदाजे दहा.

दहा वाजले. अकरा वाजले. वारा पाठीमागून, जमिनीकडूनच येत होता, गरम, आपल्याकडच्यासारखा. तो आठवडाच तसा होता. राज्यभर लाट होती, घाटावरून तापलेली हवा खाली उतरत होती. बाराला पारा छत्तीस, साडेबाराला सदतीस. इथल्या किनाऱ्यावर एवढं मी पाहिलं नव्हतं. शेजारी मासळी पसरणारी एक बाई आपल्याकडे बघत होती. तिला तुम्ही विचारलंत, वारं कधी येणार. ती म्हणाली, "आज मतलय जोरात हाय, गुरुजी. ती दमल्याबिगर समुद्रावरचा वारा आत येयाचा नाय." तुम्ही तेही वहीत लिहून घेतलंत. मग एकच्या पुढे पाठीमागचा वारा पडला. समुद्राकडचा अजून आला नव्हता. पाणी तेल ओतल्यासारखं सपाट, सुरूची एक काडी हलत नव्हती. तुम्ही अडतीस लिहिलंत. मी तुमच्या मागे बसून समुद्राकडे बघत होते, कारण वारा येताना पाण्यावर काळपट पट्टा दिसतो हे मला माहीत झालं होतं आणि तो पहिल्यांदा मला तुम्हाला दाखवायचा होता. रात्रभराचा प्रवास, सकाळपासून एक कप चहा, आणि पाण्याची बाटली मी आणलेलीच नव्हती. मी नर्स होते. चार तास माझ्या शेजारी एक म्हातारा माणूस उन्हाच्या झळीत बसला होता आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

वही पडल्याचा आवाज झाला म्हणून मी वळले. तुम्ही कुशीवर पडला होतात. ओठ कोरडे, हाक मारली तर डोळे उघडत होते पण मला ओळखत नव्हते. मी सदऱ्याची बटणं काढली. त्या बाईने मासळीवर शिंपडायची पाण्याची बादली तुमच्या अंगावर ओतली आणि आपल्या पोराला रिक्षा आणायला पिटाळलं. मी मनगट धरून बसले. नाडी दोऱ्यासारखी, भरभर. आणि तेव्हाच तो पट्टा पाण्यावर आला असणार, कारण एकदम सुरूमध्ये आवाज उठला आणि माझ्या ओल्या हातांना गार लागलं. भिजलेल्या अंगावरून तो वारा गेला आणि थोड्याच वेळात तुम्हाला कापरं भरलं. मग तुम्ही डोळे उघडून मला विचारलंत, "आलं का?" मी म्हटलं, आलं सर. तुम्ही परत डोळे मिटलेत. रिक्षा येईपर्यंत तुमच्या केसांची उडणारी बट कपाळावरून परत परत बाजूला करत होते, एवढं मला आठवतं.

संध्याकाळी तुम्ही वॉर्डमध्ये उशीला टेकून बसला होतात. सलाईन संपत आलं होतं. थर्मामीटर आणि वही ती बाई आणून देऊन गेली होती. तुम्ही वही चाळलीत आणि मला एक-दोन गोष्टी विचारून राहिलेल्या नोंदी पुऱ्या केल्यात. मग म्हणालात, "मी एवढी वरसं आर्धंच शिकवलं." मी म्हटलं, पुस्तकात होतं ते शिकवलंत. तुम्ही मान हलवलीत. "दिवसा समुद्राकडून येतं, एवढंच लिव्हून घेतलं पोरायकडून. येण्याआधी त्याला जमिनीवरच्या वाऱ्याशी झगडावं लागतं, ज्या दिवशी लई गरज त्याच दिवशी उशीर होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. आन तू इचारलं तर मी तुझं हसू केलं. ते चुकलं माझं." तुम्ही हे माझ्याकडे बघून म्हणालात. मी सलाईनची नळी बंद केली आणि सुई काढली.

पुढचे तीन दिवस तुम्ही रोज क्वार्टरच्या व्हरांड्यात बसून वाऱ्याची वेळ लिहिलीत, आणि मी दर तासाला पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी तो परत अकराला आला. निघताना थर्मामीटर माझ्यासाठी ठेवलात. "आमच्याकडं एकदा चढला की सांजपातूर उतरत न्हाई," म्हणालात, "पाहण्यासारखं काय न्हाई त्याच्यात." जूनमध्ये शाळा उघडल्यावर तुम्ही पुसेगावला गेलात, हेडमास्तरांकडून सातवीचा एक तास मागून घेतलात आणि तो धडा परत शिकवलात. हे तुम्ही पत्रात चार पानं लिहून कळवलं होतं. तरुण शिक्षक म्हणाले, परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहायचं. तुम्ही म्हणालात, लिहा, पण ठाऊक असू द्या. फळ्यावर तुम्ही आकडे मांडलेत. वारा येण्याआधी अडतीस, वारा आल्यावर दहा मिनिटांत बत्तीस. पोरं आ करून बघत होती, असं तुम्ही लिहिलं होतं. त्यानंतर दर जूनला तुम्ही तो तास घेतलात, तीन वर्षं, आणि दर वेळी मला कळवलंत. चौथ्या वर्षी, हिवाळ्यात, तुम्ही झोपेत गेलात. मला भावाने एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा आठ दिवस होऊन गेले होते.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, कपाटात कागदपत्रांच्या फाइलमध्ये राहील. मात्र एक गोष्ट लिहून ठेवते. त्या संध्याकाळी वॉर्डमध्ये तुम्ही मला विचारलं होतंत की वारं आल्यावर दहा मिनिटांत पारा कितीवर आला, आणि मी बत्तीस सांगितलं. तुम्ही ते माझ्यासमोर वहीत लिहिलंत. सर, मी थर्मामीटर पाहिलाच नव्हता. तो आकडा मी अंदाजाने दिला. दर जूनला तुमचं पत्र आलं की मनात यायचं, या वेळी खरं कळवावं, आणि दर वेळी मी तेवढं सोडून बाकीचं उत्तर लिहीत राहिले. पारा उतरत होता तेव्हा मी तुमची नाडी मोजत होते.