गाभाऱ्यातली गिटार

दौंड, ३ मार्च २०२५

ती. मल्हारीमामा यांस रुद्रचा शि. सा. नमस्कार.

फोनवर ‘तू भाचा असशील, पण देवळाच्या अध्यक्षाशी बोलायचं तर कागद पाठव,’ असं तुम्ही म्हणालात. म्हणून हे पत्र. बिरोबाच्या जत्रेत आमच्या मेटल बँडनं गाणं केलं ते देवळाच्या समितीवर टीका म्हणून. तुम्ही गाभाऱ्याला जाळी ठोकून कुलूप लावलंत, दर्शनाचे तास ठरवले, तानुआजीला देवाला हात लावता येईना, याचा मला राग होता. ‘कुलूप तोडा, देव सोडा, समिती घाला खड्ड्यात’ असं मी घसा फाडून ओरडलो. दगड खायची तयारी होती, तर तुम्ही सगळे माझ्याच पाया पडलात. माझ्या अंगात काही आलं नव्हतं, मामा. मेटलमध्ये असंच गातात.

भंडारा अजून केसांतून निघत नाही आणि तुम्ही देवापुढं ठेवलेली माझी गिटार देवळातच राहिली. रविवारी स्पर्धा आहे, गिटार कृपया परत द्यावी.

लोभ आहेच, त्याला तरी कुलूप नको.
तुमचा, रुद्र

मांडवगण फराटा, ५ मार्च

चि. रुद्र यास अ. उ. आ.

पत्र समितीपुढं वाचलं, सगळ्यांना आवडलं. अंगात आलेल्याला मागचं आठवत नसतं, असं समितीतल्या गीताबाई म्हणाल्या, त्यामुळं तुझं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. आपल्यात अंगात आलेला बोलेल ते देवाचं होईक, देवाचीच वाणी, ते पाळावंच लागतं. तुझ्या गाण्यातला शब्द न् शब्द कळला होता. जाळी काढली. खड्डा खणून आम्ही समितीचे सात जण अर्धा तास त्यात बसलो. तुझी आजी आता रोज देवाला मिठी मारते, ते बघून मला माझीच लाज वाटली.

गिटारीचं मात्र अवघड आहे. लोक तारांना हात लावायला लागले, एक तुटली, म्हणून नवी समिती नेमली. तीच जाळी गिटारीला बसवली. दर्शन आठ ते दहा. अध्यक्ष मीच, दुसऱ्या कोणाला अनुभव नाही.

लोभ वाढावा, आवाज कमी व्हावा.
तुझा मामा, मल्हारी

मांडवगण फराटा, ६ मार्च

चि. रुद्रा, आजीचा आशीर्वाद.

शेजारच्या हर्षदाकडनं लिवून घेतीया, मामाला सांगू नको. तुझ्या अंगात काय आलं न्हवतं, ते मला तवाच कळलं. ल्हानपनी दूध नको आसलं की तू आसाच वरडायचास. पर देवाला भेटून दोन वर्सं झालती, म्हून पयली मीच तुझ्या पाया पडले. बाकीचे माझ्या मागनं पडले. खोटं केलं, पर देव मला काय बोलला न्हाई.

गिटारीम्होरं दिवा लावाया मल्हारीनं कुलपाची किल्ली आता माझ्याकडं दिलीया. शनिवारी सकाळच्या दौंड गाडीत गिटार घोंगडीत गुंडाळून ठिवते, उतरून घे. जाळी रिकामी दिसली तर गाव खवळंल, म्हून तितं तुझं पत्र ठिवते. मल्हारी त्येलाबी मानूस नेमंल, दर्शन आठ ते धाच ऱ्हाईल.

माया हाय तशीच हाय. पर आता पत्र लिवू नको.
तुझी आजी, तानुबाई