फ्रीजरमधला फ्रॉक

ताई,

काल फोनवर तू विचारलंस, "छकुलीचा फ्रॉक नीट आहे ना?" मी म्हणाले, "आहे."

तुझी छकुली देवाघरी गेल्यावर, तिच्यासाठी विणलेला तो फ्रॉक तू चर्चमधल्या बाळ येशूच्या मूर्तीला घातलास. पुढे मूर्ती आमच्या चर्चच्या संग्रहालयात आली, तेव्हापासून मी तो डोळ्यात तेल घालून जपला. तरी लोकरीला कसर लागलीच. फादर म्हणाले, "जाळून टाका, नाहीतर मूर्तींचे बाकीचे झगेही जातील." मी भांडले. जाळायचा नसेल तर एकच उपाय असतो. कापड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे किडे अंड्यांसकट मरतात.

पिशवीला चिठ्ठी बांधताना माझा हात थांबला. तू गावाहून पोचेपर्यंत हॉस्पिटलात छकुलीलाही असंच थंडीत ठेवलं होतं, पायाला चिठ्ठी बांधून. आल्या आल्या तू एवढंच म्हणालीस, "तिच्या अंगावर काहीतरी घाला गं."

आज मी फ्रीजर उघडून पिशवीभोवती माझी शाल गुंडाळली. शालीमुळे थंडी आत लवकर पोचत नाही आणि कसर जगते, हे इथे सगळ्यांना मीच शिकवते. तरी ती काढायला माझा हात धजत नाही.

तुझी धाकटी