पातळ केलेली शिवी

२ सप्टेंबर
आजपासून कूरिना टाऊन बँडची छडी माझ्या हातात. आजवर बँड चालवणाऱ्या एनिडबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. म्हणाल्या, डॉक्टरा, ऑक्टोबरच्या शेतकी जत्रेत बँड एकसंध उभा करून दाखव, छडी कायमची तुझी. झालंच समजा. आधीच्या गावांत दवाखाना रुजला नाही, लोकच तसले. इथे टिकणार. संकल्प: रोज कॉर्नेटचा, म्हणजे माझ्या छोट्या तुतारीचा, रियाज. येताना अंड्यांवर बसलेल्या मॅगपाय पक्ष्याने टाळक्यात चोच मारली. रक्त. रियाज उद्यापासून.

५ सप्टेंबर
पहिली तालीम. अडचण एकच: बर्ट आणि ग्लेन. बर्ट मेंढ्या भादरतो, युफोनियम वाजवतो. ग्लेनचं तळलेल्या माशांचं दुकान, वाजवतो ट्रॉम्बोन. ग्लेनची बहीण बर्टला दिलेली. ट्रॉम्बोनची सरकती नळी बर्टच्या मानेत बसली. चुकून, म्हणे. बर्टने ग्लेनला खुर्चीवरून खेचलं, नळी गुडघ्यावर वाकवली. ग्लेनने त्याच नळीने त्याचा कान फोडला. दोघांपैकी एक जरी गेला तरी बँड संपला. छडीही.

घाबरलो नाही. होमिओपॅथ आहे मी. (शेवटचं वर्ष राहिलंय, ते करीन.) जे दुखणं, त्याचाच बारीक डोस. म्हणजे भांडणावर भांडणच, फक्त पातळ करून. इतकं सोपं कुणाला सुचलं कसं नाही?

९ सप्टेंबर
उपचार सुरू. तालमीआधी दोघांनी एकमेकांना एकेक छोटी शिवी द्यायची, हसत. बर्ट म्हणाला, काय रे तळलेल्या बोंबला. ग्लेन म्हणाला, दाजी, मेंढ्या तरी तुमच्याकडे खुशीने येतात का हो? बर्ट धावून गेला, ग्लेनने ठोसा हाणला, बर्टचे पुढचे दात गेले. आता फुंकणार कसा, कळत नाही. डोस किंचित मोठा झाला. पण औषध लागू पडलं की आधी त्रास वाढतोच. शुभलक्षण.

१७ सप्टेंबर
औषध जितकं पातळ तितकं जालीम. म्हणून शिवी बंद, नुसतं ‘अरे’ म्हणायचं. बर्ट ‘अरे’ म्हणाला. ग्लेनने सुरावटीचे कागद ठेवायचा लोखंडी स्टँड त्याच्या नडगीवर हाणला. ढोलवाली मर्ल मध्ये पडली, तिचं नाक फुटलं. म्हणाली, डॉक्टरा, तुझं औषध आवर, नाहीतर ह्या दांडक्याने तुला वाजवीन. सगळ्यांना अर्निकाच्या गोळ्या वाटल्या. बर्ट म्हणाला, साखर चहात टाक रे.

मॅगपायसाठी आइस्क्रीमच्या डब्याचं शिरस्त्राण करतोय. पक्षी बिचकावा म्हणून मागे डोळे रंगवायचे की पिसं लावायची? त्यात दोन दिवस गेले. रियाज राहिला.

२८ सप्टेंबर
आणखी पातळ. शब्दच नाही, नुसती नजर. बर्टने पाहिलं. ग्लेन खिडकीतून बाहेर पडला, काच बंद असताना. टाके. प्रगती वेगात आहे. मॅगपायने डब्यालाही भोक पाडलं.

१० ऑक्टोबर, सकाळ
आज जत्रा. आजचा डोस सर्वांत जालीम: ना शब्द, ना नजर. दोघांना पाठीला पाठ लावून बसवणार. छडीला पॉलिश केलं.

१२ ऑक्टोबर, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय.

ट्रक हेच आमचं स्टेज. पहिली धून झकास. बर्ट दातांशिवाय, तरी झकास. टाळ्या पडल्या आणि मला राहवलं नाही. माइक घेऊन सांगितलं, मंडळी, हे दोघे माझे पेशंट, जवळजवळ जनावरं होती, बघा कशी गप्प बसलीत!

मग बर्ट वळून, अगदी प्रेमाने म्हणाला, मेव्हण्या, तू पाय धर. ग्लेन म्हणाला, धरले दाजी, तुम्ही डोकं धरा. मर्लने ढोलावर ताल दिला, तिसऱ्या ठोक्याला मी मेंढ्यांना औषधाची आंघोळ घालतात त्या हौदात. काठावर आपटून. गळ्याचं हाड, बरगड्या. लोकांना वाटलं कार्यक्रमातच आहे. बँडला दुसरं बक्षीस मिळालं.

संध्याकाळी एनिडबाई आल्या. म्हणाल्या, दोघे आता एकाच स्टँडवर वाजवतात, हसतात काय, एकमेकांचा घाम पुसतात काय. मी म्हटलं, बघा! औषध लागू पडलं! छडी आणलीत ना?

म्हणाल्या, मर्लकडे दिली रे बाळा. बँड एकसंध उभा राहिला, खरंय. तू आडवा होतास.

नंतर नर्स आली. दुखतंय का म्हणाली. फार, म्हटलं. तुमच्या पेटीतल्या गोळ्या काढून देऊ का?

नको, म्हटलं. खरं काहीतरी दे बाई. आणि पातळ करू नकोस.